जर्मन गावाचा झेंडा विकत घेताना : 120 × 300 सेंटिमीटरचा उभा, विणीव कापडाचा

जर्मनीत दहा हजारांहून अधिक गेमाइंडे आहेत. गेमाइंडे म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी सर्वांत खालची स्वराज्य संस्था. यातल्या बहुतेकींना स्वतःचं ढालचिन्ह आहे, त्याला जर्मन भाषेत वापन म्हणतात. पुष्कळांना स्वतःचा झेंडाही आहे. हे झेंडे तिथल्या झेंडेवाल्या कारखान्यांकडून आणि ऑनलाइन दुकानांतून कुणालाही मागवता येतात. इथे परीक्षण आहे ते त्यातल्या सर्वाधिक चालणाऱ्या मालाचं : 120 × 300 सेंटिमीटर, उभा, चौरस मीटरला 110 ग्रॅम वजनाचं विणीव पॉलिएस्टर, एकाच थराची छपाई, खांबाच्या बाजूला पट्टी आणि हूक. जोडीला 90 × 150 चा स्वस्त आडवा झेंडा आणि आडव्या दांडीवर टांगायचा बॅनर हेही तुलनेला घेतले आहेत.

आधी कापड. 110 ग्रॅमचं हे कापड विणकामाच्या जातीचं असतं, मागावरचं नव्हे. वारा त्यातून थोडा आरपार जातो, म्हणून झेंडा मंद वाऱ्यातही हलतो आणि जोराच्या वाऱ्यात खांबाला कमी ओढ देतो. एखादा धागा तुटला तरी मोज्यासारखी शिडी धावत नाही. छपाईचा रंग कापडात मुरतो आणि मागच्या बाजूलाही जवळजवळ पूर्ण उमटतो. 155–160 ग्रॅमचं जाड कापड जास्त टिकतं, पण त्याला फडकायला वारा लागतो. दरीत वसलेल्या, वारा कमी असलेल्या गावात ते खांबाला चिकटून लोंबत राहतं. समुद्रकाठी किंवा उघड्या माळावर मात्र जाड कापडच घ्यावं. 90 × 150 चा स्वस्त झेंडा पातळ मागाच्या कापडाचा असतो, कडेला एकेरी टीप आणि दोन पितळी आयलेट. खोलीतल्या भिंतीवर तो शोभतो. बाहेरच्या खांबावर लावला तर आधी आयलेटभोवतीचं कापड फाटतं, कारण सगळा ताण त्या दोन भोकांवर येतो. उभ्या झेंड्यात तोच ताण तीन मीटर लांबीच्या पट्टीवर आणि साधारण अर्ध्या मीटरवर एक अशा हुकांवर वाटला जातो.

शिलाईत एकच गोष्ट नीट पाहायची : खांबापासून दूरची कड आणि तिचा खालचा कोपरा. झेंडा मरतो तो तिथून. वाऱ्यात कापडाचं ते टोक चाबकासारखं फटकारतं, टीप उसवते, मग धागे सुटत जातात. चांगल्या मालात या कडेला कापड दुमडून दुहेरी टीप असते आणि कोपऱ्यावर जास्तीची आडवी शिलाई. कोपऱ्यात बोट घालून दुमड उलटी करून पाहिली की टिपा मोजता येतात. एकच टीप दिसली तर तो झेंडा सणासमारंभापुरता समजावा, वर्षभर खांबावर ठेवायचा नव्हे. कड उसवायला लागली की लगेच उतरवून दोन-तीन सेंटिमीटर कापावं आणि पुन्हा शिवून घ्यावं. आठवडाभर थांबलं तर दहा सेंटिमीटर जातात आणि मग वापन झेंड्याच्या मध्यावर राहत नाही.

इथपर्यंतची पारख कुठल्याही झेंड्याला लागू आहे. गावाच्या झेंड्याची खरी परीक्षा त्यावरच्या वापनात आहे, आणि बहुतेक दुकानं इथेच घसरतात. जर्मन परंपरेत वापन म्हणजे चित्र नव्हे, तर मजकूर. ढाल कशी विभागली आहे, कोणत्या रंगात काय आहे, प्राण्याची जीभ आणि नखं कोणत्या रंगाची, हे एका वाक्यात ठरलेलं असतं. चित्रकार बदलला, सिंहाची शेपटी वेगळी वळली, ढालीचा तळ गोल ऐवजी टोकदार झाला, तरी वापन तेच राहतं. रंग बदलला तर मात्र ते दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

ही अतिशयोक्ती नाही. काळ्या ढालीवर सोन्याचा सिंह, त्याचा मुकुट, जीभ आणि नखं लाल : हा पॅलॅटिनेट या ऱ्हाइनकाठच्या जुन्या राज्याच्या राजघराण्याचा सिंह. त्या भागातल्या असंख्य गावांच्या वापनात तो आहे, कारण ती गावं शतकानुशतकं त्या घराण्याच्या ताब्यात होती. रंग उलटे करा, सोन्याच्या ढालीवर काळा सिंह काढा, की तो युलिशच्या सरदारांचा होतो. पांढऱ्यावर लाल क्रूस ट्रिअरच्या आर्चबिशपांचा, पांढऱ्यावर काळा क्रूस कोलोनच्या. लाल ढालीवरचं सहा आऱ्यांचं पांढरं चाक माइन्त्सचं. म्युनिकच्या उत्तरेला इस्मानिंग, उंटरफ्योरिंग अशा गावांच्या वापनात मुकुटधारी कृष्णवर्णी मस्तक दिसतं, ते फ्रायझिंगच्या बिशपांचं चिन्ह. गावाचं वापन वाचता आलं की त्या गावावर 1803 च्या आधी, म्हणजे बिशपांची राज्यं बरखास्त होण्याआधी, कुणाची सत्ता होती हे पुष्कळदा कळतं. म्हणूनच छपाईवाल्याची छोटी चूक इथे छोटी राहत नाही.

सर्वांत जास्त दिसणारी चूक चांदीची. वापनाच्या मजकुरात चांदी म्हणजे पांढरा आणि सोनं म्हणजे पिवळा. अनेक दुकानं चांदीला करडी छटा देतात, सोन्याला तपकिरी झाक देतात, वर चमक दाखवायला रंग गडदाकडून फिकटाकडे नेतात. पडद्यावर ते छान दिसतं. खांबावर, मागून ऊन येत असताना, ती करडी ढाल मळकी वाटते आणि वीस पावलांवरून चिन्ह ओळखू येत नाही. दुसरी चूक जीभ-नखांची. पॅलॅटिनेटच्या सिंहाची लाल जीभ आणि लाल नखं छापताना सरळ पिवळी राहतात, कारण लहान आकाराच्या चित्रात ती दिसलेलीच नसतात. 120 सेंटिमीटर रुंदीच्या झेंड्यावर वापन साधारण 80–90 सेंटिमीटर रुंद येतं. त्या आकारात जीभ तळहाताएवढी होते आणि तिचा चुकीचा रंग रस्त्यावरून दिसतो.

तिसरी चूक भाषेची आहे. वापनाच्या मजकुरात उजवं-डावं हे ढाल धरणाऱ्याचं असतं, पाहणाऱ्याचं नाही. म्हणजे मजकुरात आधी उजवी बाजू येते ती चित्रात आपल्या डाव्या हाताला. शिवाय ‘गेटाइल्ट’ म्हणजे आडवी विभागलेली ढाल आणि ‘गेश्पाल्टन’ म्हणजे उभी चिरलेली. रोजच्या जर्मन भाषेत दोन्हींचा अर्थ ‘विभागलेलं’ असा सैल लागू शकतो, वापनाच्या भाषेत तो फरक काटेकोर आहे. मशीन भाषांतरावर विसंबून कुणी चित्र काढलं की वरचा सिंह डावीकडे जातो आणि खालची नदी उजवीकडे उभी राहते.

श्लेस्विग-होल्श्टाइन या अगदी उत्तरेच्या जर्मन राज्यातल्या गावांचे झेंडे या मालात सर्वांत सुंदर आणि सर्वांत जास्त चुकवले जाणारे. तिथे बहुतेक झेंड्यांवर ढाल नसतेच. वापनातल्या आकृत्या, म्हणजे ओकची पानं, पाषाणयुगातली थडगी, घराच्या आढ्यावरची फुलीसारखी घोड्यांची डोकी, लाटांचे पट्टे, हे थेट झेंड्याच्या कापडावर पसरवलेले असतात. झेंड्याच्या अधिकृत वर्णनात ‘आकृत्या झेंड्याला साजेशा रंगांत’ असं स्पष्ट म्हटलेलं असतं. यामुळे झेंडा लांबून वाचता येतो, ढालीचा छोटा तुकडा मध्ये अडकवलेला वाटत नाही. दुकानं मात्र सरसकट एकच साचा वापरतात : दोन-तीन रंगांचे पट्टे आणि मधोमध ढाल. बव्हेरियातल्या पट्टेदार झेंड्यांना तो साचा बरोबर बसतो, कारण तिथे पट्ट्यांवर गावाचं वापन ठेवलेलं असंच वर्णन सर्रास असतं. श्लेस्विग-होल्श्टाइनच्या गावाचा झेंडा त्या साच्यातून आला तर तो त्या गावाचा झेंडा नाही. परत पाठवावा.

हेल्गोलांड या उत्तर समुद्रातल्या जर्मन बेटाचा झेंडा या दृष्टीने निर्धोक. हिरवा, लाल, पांढरा असे तीन आडवे पट्टे. तिथली जुनी म्हणच आहे की जमीन हिरवी, कडा लाल आणि वाळू पांढरी, हेच हेल्गोलांडचे रंग. लाल कडा म्हणजे बेटाचा तांबड्या वालुकाश्माचा कडा. साधे पट्टे असल्याने छपाईत चुकायला फारसं काही नाही. पण उभा मागवला की पट्टे कोणत्या क्रमाने येतात ते पाहावं. आडव्या झेंड्यातला वरचा पट्टा उभ्या झेंड्यात खांबाच्या बाजूला यायला हवा, म्हणजे इथे हिरवा. वापन असलेल्या झेंड्यात पट्टे फिरतात, वापन फिरत नाही. ते सरळच राहतं, आणि वारा नसताना झेंडा लोंबला तरी दिसावं म्हणून मध्याच्या थोडं वर घेतलेलं असतं.

एकाच थराच्या छपाईमुळे मागच्या बाजूला वापन आरशातल्यासारखं उलटं दिसतं. याची तक्रार ग्राहक नेहमी करतात, पण खांबावरच्या झेंड्यासाठी ती चुकीची आहे. सिंहाने नेहमी खांबाकडे तोंड करावं हीच जुनी रीत आहे, आणि दोन्ही बाजूंनी पाहिलं तर तसंच होतं. दोन्हीकडे सरळ हवं म्हणून दोन थर शिवून मध्ये अपारदर्शक कापड घातलं तर वजन दुपटीहून वाढतं, झेंडा जड हलतो, भिजल्यावर खांबाला ताण देतो. चिन्हात अक्षरं असतील तरच हा खर्च करावा. भिंतीला लागून टांगायच्या बॅनरची गोष्ट वेगळी : त्याची एकच बाजू दिसते, म्हणून मागवताना पुढची बाजू कोणती ते लिहून द्यावं. बॅनरला वर नेफा असतो, त्यात लाकडी दांडी जाते, दांडीच्या दोन टोकांना गोंडे किंवा लाकडी गोळे आणि वर दोरी. चर्चच्या मिरवणुकीत किंवा सभागृहात तो देखणा दिसतो. उघड्यावर वाऱ्यात टिकत नाही, कारण खालची कड मोकळी असल्याने पूर्ण कापड वर उडून दांडीभोवती गुंडाळतं. खालच्या नेफ्यात वजनाची दांडी घातली तर थोडं सावरतं.

मागवण्याआधीची कामं. गावाच्या वापनाचा मजकूर मूळ ठिकाणाहून घ्यावा. श्लेस्विग-होल्श्टाइनसाठी तिथल्या राज्य अभिलेखागाराची वापनांची नोंदवही इंटरनेटवर आहे, बव्हेरियासाठी हाउस ऑफ बव्हेरियन हिस्ट्रीचा गाववार संग्रह आहे, बाडेन-व्युर्टेम्बर्गसाठी लेओ-बेवे हे राज्याचं संकेतस्थळ. इतर राज्यांत गावाच्या मुख्य नियमावलीत, म्हणजे हाउप्टझाट्झुंगमध्ये, बहुधा सुरुवातीच्याच कलमांत वापन, झेंडा आणि शिक्का यांचं वर्णन मिळतं. त्यानंतर गावाच्या कार्यालयाला ई-मेल करून व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी रेषा न बिघडणारं चित्र) आणि रंगांचे एचकेएस किंवा पँटोन या छपाईच्या प्रमाणित रंगयाद्यांतले क्रमांक मागावेत. मजकुरात फक्त ‘लाल’ लिहिलेलं असतं, छटा गावाने ठरवलेली असते. दुकानाला चित्र न देता मजकूर, फाइल आणि क्रमांक तिन्ही द्यावेत आणि छपाईआधीचा नमुना मागावा. जो दुकानदार नमुना देत नाही त्याच्याकडून वापनाचा झेंडा घेऊ नये, पट्ट्यांचा खुशाल घ्यावा.

1970 च्या दशकात पश्चिम जर्मनीत गावांची मोठी विलीनीकरणं झाली. एकट्या बव्हेरियात सुमारे 7,000 गेमाइंडे होती, ती दोन हजारांच्या आसपास आली. बुडालेल्या गावांची वापनं आजही दुकानांच्या यादीत सापडतात, कधी नव्या गावाच्या नावाखाली. जुन्या गावाचा झेंडा हौसेने लावणारे रहिवासी असतात आणि ते योग्यच आहे, पण भेट म्हणून नगराध्यक्षांना द्यायचा असेल तर आजचंच वापन आहे ना, हे पाहून घ्यावं.

परवानगीचा मुद्दा जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळांनी विशेष लक्षात घ्यावा. बव्हेरियाच्या ग्रामसंस्था कायद्याच्या कलम 4 प्रमाणे गावाचं वापन आणि झेंडा इतरांना गावाच्या परवानगीनेच वापरता येतो. गणेशोत्सवाच्या पत्रिकेवर, मंडळाच्या टी-शर्टवर किंवा व्यासपीठाच्या फलकावर गावाचं वापन छापायचं असेल तर आधी लेखी परवानगी मागावी. कशावर, किती प्रती, कोणत्या तारखेसाठी एवढं कळवलं की कार्यालयाला निर्णय घेता येतो. सभागृह सजवायला वापन नसलेला, नुसत्या गावाच्या रंगपट्ट्यांचा झेंडा हा सोपा पर्याय आहे, पण गावाचा ठरलेला झेंडाच तसा असेल तर बव्हेरियात त्यालाही परवानगी मागावी.

किमतीचं म्हणायचं तर 120 × 300 च्या विणीव झेंड्याला साधारण 60 ते 120 युरो पडतात. एक नग छापायचा तर वरच्या टोकाला, गावाने आधीच शेकड्याने छापून ठेवले असतील तर खालच्या. म्हणून आधी गावाच्या कार्यालयात चौकशी करावी. पुष्कळ गावं आपला झेंडा स्वतः विकतात आणि तो मजकुराप्रमाणे अचूक असतो. सहा-सात मीटरच्या खांबाला हा आकार बसतो, आठ-नऊ मीटरला 150 × 400 घ्यावा.

आलेला झेंडा खांबावर चढवण्याआधी उजेडासमोर धरावा. काळा रंग तपकिरी दिसला तर शाई कमी पडली आहे. लाल आणि पांढऱ्याच्या सीमेवर गुलाबी फरकाटा असेल तर रंग नीट पक्का झालेला नाही, पहिल्या पावसात तो पसरेल. वादळाची सूचना आली की झेंडा उतरवावा, भिजला असेल तर घडी न घालता दोरीवर वाळवावा. ओल्या घडीत लाल रंग पांढऱ्याला लागतो आणि तो डाग निघत नाही. धुताना 40 अंशांचं पाणी, साधी पावडर, कपडे मऊ करायचं द्रव अजिबात नाही, आणि धुण्याआधी प्लास्टिकचे हूक एका जुन्या मोज्यात बांधून घ्यावेत, म्हणजे ते कापडाला ओरबाडत नाहीत.