चित्रांत पैसे घालायचे तर कोणत्या वाटेने: पॅरिस, लंडन की मुंबई?

मित्रांनी वर्गणी काढून चित्रं घ्यावीत की आर्ट फंडात (लोकांचे पैसे गोळा करून चित्रं घेणारा-विकणारा फंड) पैसे टाकावेत? ठरवताना परताव्याच्या टक्केवारीआधी एक गोष्ट पाहा: विकायची वेळ कोणाच्या हातात राहील?

पॅरिसमध्ये १९०४ साली कलासंग्राहक आंद्रे लेव्हेल यांनी तेरा भागीदार जमवले. प्रत्येकी वर्षाला २५० फ्रँक, दहा वर्षं. भर तरुण चित्रकारांवर. १९०८ मध्ये १,००० फ्रँकना घेतलेलं पिकासोचं डोंबाऱ्यांच्या कुटुंबाचं चित्र मार्च १९१४ च्या लिलावात ११,००० च्या वर गेलं. एकूण रक्कम साधारण चौपट झाली आणि नफ्यातला पाचवा हिस्सा चित्रकारांना मिळाला, हे मला फार मोलाचं वाटतं. पण मुदत ठरलेली होती. पाच महिन्यांनी महायुद्ध पेटलं. लिलाव तेव्हा असता तर?

ब्रिटिश रेल्वेच्या पेन्शन फंडाने १९७४ पासून सुमारे ४ कोटी पौंड कलेत घातले, तेही महागाई भडकलेली असताना. चिनी भांड्यांपासून जुन्या युरोपीय चित्रांपर्यंत २,४०० हून अधिक वस्तू. मुदतीची सक्ती नव्हती, म्हणून बाजार तापला तेव्हा, १९८९ मध्ये, इम्प्रेशनिस्ट (एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शैलीची) चित्रं विकता आली. सगळं धरून वर्षाला सुमारे ११ टक्के मिळाले. महागाई वजा जाता जेमतेम ४. आणि हे फंडाच्या एकूण पैशाच्या तीनेक टक्क्यांवर!

मुंबईच्या ओशियन्स या लिलाव कंपनीने २००६ मध्ये १०२ कोटींचा फंड काढला, मुदत तीन वर्षं. भारतीय चित्रांचे भाव तेव्हा चढलेले होते. २००८ मध्ये बाजार बसला, २००९ मध्ये मुदत संपली आणि गुंतवणूकदारांचे पैसे अडकले. मंदीत चित्र घाईने विकायला काढलं की भाव पडतो, आणि लिलावात न विकलेलं चित्र पुढची काही वर्षं बाजारात डागी ठरतं. बाजार नियामक सेबीने २००८ मध्येच असे फंड सामूहिक गुंतवणूक योजनेत मोडतात, असं बजावलं होतं. तेव्हा आधी फंडाची सेबीकडची नोंदणी तपासा.

खर्चही मांडा. लिलावात हातोडा १० लाखांवर पडला, म्हणजे शेवटची बोली तितकी लागली, आणि खरेदीदाराचं शुल्क २० टक्के असलं, तर चित्र १२ लाखांना पडतं, जीएसटी वेगळा. विकताना १० टक्के कमिशन गेलं, तर मुद्दल सुटायलाच हातोडा १३.३३ लाखांवर पडायला हवा. विमा आणि कोरड्या जागेचा खर्च त्यावर.

म्हणून कल वर्गणीकडे, पण मुदत न बांधता. करारात तीन गोष्टी हव्यात: चित्र कोणाकडे राहील, मध्येच बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कोणत्या मूल्यांकनाने द्यायचा, विक्रीला किती जणांची संमती लागेल. मूळ पावती, आधीच्या मालकांची साखळी आणि चित्राच्या स्थितीचा अहवाल हाती आल्याशिवाय पैसे देऊ नका.