पहिली क्रूझ, पाच बंदरं आणि रोजचा एक प्रश्न: सात महिन्यांनंतरचा अनुभव

ज्या बाहेरच्या एजंटकडून आम्ही क्रूझमधल्या एका बंदरावरची सहल घेतली होती, त्याचं गेल्या आठवड्यात शेवटचं उत्तर आलं. पैसे परत मिळणार नाहीत. कारण काय, तर जहाज बंदराला लागलं होतं. साडेतीन तास उशिरा लागलं, तोवर त्यांची बस आमच्याविना निघून गेली होती, पण लागलं ना! त्यांच्या अटींप्रमाणे जहाज बंदरात आलंच नाही तरच परतावा, उशिराबद्दल काही नाही. सात महिने पत्रं लिहून मी इथवर पोचले. आता तो नाद सोडला आहे, पण जे शिकले ते लिहून ठेवते. पहिल्यांदाच घरच्या सगळ्यांना घेऊन क्रूझला निघालेल्यांचा त्यात पैसाही वाचेल आणि जिवाची घालमेलही.

सप्टेंबरअखेरची सात रात्रींची फेरी होती. पिरेअसहून, म्हणजे ग्रीसमधल्या अथेन्सजवळच्या बंदरातून, निघून सँटोरिनी, मग एक दिवस नुसता समुद्र, त्यानंतर क्रोएशियातलं दुब्रोवनिक, मॉन्टेनेग्रोतलं कोटोर, पुन्हा ग्रीसमधली कॉर्फू आणि कटाकोलो आणि परत पिरेअस. सोबत नवरा, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीनं बेजार सासूबाई. केबिन कशी, जेवण कसं, रात्रीचे कार्यक्रम कसे, यावर भरपूर वाचायला मिळतं, ते मी पुन्हा सांगत नाही. मला बोलायचंय ते रोज सकाळी आमच्यासमोर येणाऱ्या एकाच प्रश्नाबद्दल: आज उतरायचं की नाही?

निघण्यापूर्वी मला हा प्रश्नच वाटत नव्हता. बंदराचं शुल्क आमच्या तिकिटातच धरलेलं होतं, आम्ही किनाऱ्यावर पाय ठेवो की न ठेवो. मग भरलेला पैसा वाया का घालवायचा? बंदर आलं की उतरायचं, असं मी घरी ठामपणे सांगून टाकलं होतं.

सँटोरिनीनं पहिला धक्का दिला. तिथे मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, काल्डेरात, म्हणजे ज्वालामुखीच्या समुद्रानं भरलेल्या त्या प्रचंड विवरातच, थांबतात आणि प्रवाशांना टेंडरनं, म्हणजे लहान बोटीनं, 'फिरा' या मुख्य गावाच्या खालच्या जुन्या बंदरात सोडतात. तिथून गाव सुमारे 220 मीटर वर. चढायला केबल कार, नाहीतर 588 पायऱ्या, ज्यांवर खेचरांचीही ये-जा असते. पत्रकावर वेळ होती सकाळी 8 ते दुपारी 4.30, म्हणजे साडेआठ तास. प्रत्यक्षात टेंडरचा नंबर लागेपर्यंत 9.30 झाले, केबल कारच्या रांगेत पाऊण तासाहून जास्त गेला, आणि फिराच्या गल्लीत पाऊल ठेवलं तेव्हा 10.45 वाजले होते. परतीच्या केबल कारची रांग दुपारी दोनलाच गल्ल्यांमधून वळणं घेत लांबवर गेलेली. आम्ही 2.15 ला तिच्यात उभे राहिलो ते 3.45 ला खाली पोचलो. साडेआठातले हातात आले साडेतीन तास. त्यातही मुलगा उन्हानं रडवेला, बाबागाडी टेंडरमध्ये घडी करून ठेवलेली आणि वरच्या चिंचोळ्या, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्यांत निरुपयोगी.

सासूबाई त्या दिवशी जहाजावरच राहिल्या होत्या. संध्याकाळी त्या सांगत होत्या की सगळ्यात वरच्या डेकवर सावलीत खुर्ची मिळाली, समोर कड्यावरची पांढरी गावं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसत होती, उजेड बदलेल तसे कड्याचे रंग बदलत होते. मी ऐकत राहिले. सँटोरिनीत जहाजच त्या देखाव्याच्या मधोमध उभं असतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांच्या कडेवर मूल आहे, त्यांना तिथे न उतरताही सँटोरिनी मिळतं.

आता मुख्य गोष्ट, घड्याळ. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण दुब्रोवनिकला त्यानंच आम्हाला वाचवलं.

ग्रीसहून क्रोएशियात गेलं की स्थानिक वेळ एक तास मागे जाते. आमच्या जहाजानं मात्र स्वतःची वेळ बदलली नाही, सबंध फेरीभर ग्रीसचीच ठेवली. काही जहाजं बदलतात, काही बदलत नाहीत, म्हणून दर वेळी विचारून घ्यावं लागतं. आमच्याकडे ही सूचना आदल्या रात्री केबिनमध्ये ठेवलेल्या पत्रकात होती, एका ओळीत, बाकीच्या मजकुराइतक्याच बारीक अक्षरात. आम्ही ती वाचली नाही. किनाऱ्यावर येताच फोननं गुपचूप स्थानिक वेळ धरली. 'ऑल अबोर्ड', म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतण्याची वेळ, होती 5 वाजता, आणि आमच्या फोनप्रमाणे आमच्याकडे अजून दोन तास होते.

दुब्रोवनिकचं जुनं शहर जहाज लागतं त्या ग्रुझच्या बंदरापासून तीनेक किलोमीटरवर आहे. आत मुख्य रस्ता सपाट, म्हणून सासूबाईही आल्या होत्या. नवरा आणि मुलगी तटबंदीवर चढायला निघाले. ती 1,940 मीटर लांबीची, चालायचं एकाच दिशेनं, मधूनच खाली उतरायच्या जागा मोजक्या. दोघं तिकिटाच्या खिडकीपाशी पोचले असतील-नसतील, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझ्या घड्याळात चार वाजून गेले." मी फोन दाखवला, तीन वाजून पाच मिनिटं. त्यांचं किल्लीचं मनगटी घड्याळ त्यांनी जहाजावर चढताना रिसेप्शनच्या घड्याळाशी जुळवून लावलं होतं. दहा सेकंद आम्ही एकमेकींकडे नुसतं बघत राहिलो आणि मग मला ती पत्रकातली ओळ आठवली.

मी नवऱ्याला हाका मारत धावले. टॅक्सी मिळाली, 4.40 ला गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या पुलावर, आमची कार्डं स्कॅन झाली. नवरा आणि मुलगी तटावर चढले असते तर फोनच्या हिशोबानं निवांत चारला उतरले असते, म्हणजे जहाजाच्या घड्याळात पाचला, आणि जहाज तीन किलोमीटर लांब. स्वतःच्या जबाबदारीवर फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. धक्क्याची वेळ ठरलेली असते, पुढचं बंदर वाट बघत असतं. फार तर तुमचे पासपोर्ट केबिनच्या तिजोरीतून काढून जहाज कंपनीच्या बंदरावरच्या एजंटकडे देतात आणि पुढचं बंदर तुमच्या खर्चानं तुम्ही गाठायचं. दोन मुलं आणि सासूबाई यांची अशी ताटातूट झाली असती तर, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हा कृपा करून हे कराच. एक साधं काट्यांचं घड्याळ घ्या, जहाजावर चढल्यावर जहाजाच्या वेळेशी जुळवा आणि जहाज सांगेल तेव्हाच बदला. फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा, सगळ्यांच्या फोनमधली. रोजच्या पत्रकाचा फोटो काढून ठेवा, कारण बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर त्यावरच असतो. माझी तक्रार त्या कंपनीबद्दलही आहे: ही सूचना गँगवेवरच्या फलकावर हातभर अक्षरांत असायला हवी. मी तसं लेखी कळवलंय. आभाराचं पत्र आलं, बदल केला का ते कळलं नाही.

कोटोरला उतरणं मात्र विनासायास होतं, आणि तिथेच मला हिशोब कळला. जहाज पहाटे आखातात शिरतं. वेरिगेच्या सामुद्रधुनीत दोन्ही किनारे इतके जवळ येतात की घरांच्या खिडक्या मोजता येतात, तिथली सर्वांत कमी रुंदी सुमारे 340 मीटर आहे. तो दीड तास डेकवरच काढा, नाश्ता नंतर. आमचं जहाज धक्क्याला लागलं तिथून जुन्या शहराचं दार चालत पाच मिनिटांवर. आम्ही सगळे उतरलो, सासूबाई तासाभरानं एकट्या परतल्या, दुपारी आम्ही जेवायला जहाजावर आलो, मुलगा झोपला, आणि नवरा-मुलगी पुन्हा उतरून किल्ल्याच्या 1,350 पायऱ्यांपैकी अर्ध्याअधिक चढून आले. जिथे असं दोनदा उतरता येतं, तिथे 'उतरायचं की नाही' यावर चर्चाच नको. म्हणजे बंदर किती नावाजलेलं आहे हे बघायचं नाही. गँगवेपासून तुम्हाला जायचं त्या जागेपर्यंत किती वेळ, धक्का की टेंडर, आणि दोन्हीकडच्या रांगा वजा जाता हातात किती तास उरतात, ते बघायचं.

कॉर्फूला उतरलो, जुन्या शहरात चाललो, समुद्रात डुंबलो, परत आलो. छान दिवस, वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

मग कटाकोलो. प्राचीन ऑलिंपिया तिथून सुमारे 35 किलोमीटर. इ. स. पूर्व 776 पासूनच्या स्पर्धांची जागा, आजही ऑलिंपिकची ज्योत तिथेच पेटवतात. माझी मुलगी शाळेत धावते. तिथल्या पुरातन मैदानावरची धावपट्टी साधारण 192 मीटरची आहे आणि तिच्यावर धावू देतात, हे तिनंच शोधून काढलं होतं, महिनाभर तिच्या तोंडी तेच होतं. जहाजाची स्वतःची सहल बाहेरच्या एजंटपेक्षा जवळजवळ दुप्पट महाग होती, म्हणून मी बाहेरची घेतली. पाच जणांचा फरक छोटा नव्हता.

रात्री वारा सुटला. आठऐवजी जहाज साडेअकराला लागलं आणि परतण्याची वेळ फक्त अर्धा तास पुढे नेली, 4 वाजता. आमची बस गेलेली. नवरा म्हणाला, टॅक्सीनं जाऊ. आम्ही कागदावर मांडलं: बाराला बाहेर, पाऊण तास जायला, दोन तास बघायला, पाऊण तास यायला, हातात शिल्लक अर्धा तास. दुब्रोवनिकनंतर माझी हिंमत झाली नाही. मी नाही म्हटलं. मुलगी तोंड फिरवून रडली.

तो दिवस जहाजावर कसा गेला, तेही सांगते. जहाज रिकामं असतं. घसरगुंडीला रांग नाही, मुलगा अकरा वेळा घसरला. मुलांच्या क्लबमध्ये दोन मुलं आणि तीन ताया. जेवणाला खिडकीजवळचं टेबल. वरच्या डेकवरच्या जॉगिंग ट्रॅकवर पाटी होती, पाच फेऱ्यांचा एक किलोमीटर. मुलगी डोळे पुसून म्हणाली, म्हणजे एक फेरी 200 मीटर, आठ मीटर जास्त. नवऱ्यानं शेवटाच्या अलीकडे आठ मोठी पावलं मोजून टॉवेल ठेवला आणि ती 192 मीटर धावली. एकदा नाही, सहा वेळा. सासूबाई आपल्या घड्याळाचा सेकंदकाटा बघून वेळ सांगत होत्या.

चार वाजून गेले तरी गँगवे उचलला नाही. 4.20 ला तीन बस धक्क्यावर आल्या, जहाजाच्याच सहलीच्या. लोक शांतपणे उतरून चढले आणि मग जहाज निघालं. वरून ते बघताना मला कळलं की ती दुप्पट किंमत कशाची होती.

परत आल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटले होते, 'उतरू नका, जहाजावरच मजा आहे.' सात महिन्यांनी ते मत मी मागे घेते. कटाकोलोचा दिवस चांगला गेला, पण मुलीला अजून खऱ्या धावपट्टीवर धावायचंय. चूक न उतरण्याची नव्हती, दूरच्या ठिकाणासाठी स्वस्त सहल घेण्याची होती. तास-पाऊण तास दूर जायचं असेल तर जहाजाचीच सहल घ्या, बाकी ठिकाणी स्वतः फिरा. बाहेरची घेतलीच, तर पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा: जहाज उशिरा आलं तर काय? 'आलंच नाही तर' हे उत्तर पुरेसं नाही. सँटोरिनीबद्दलही थोडं बदलले आहे. मुलाला त्या सबंध फेरीतलं काय आठवतं, तर टेंडर. काही जहाजांच्या स्वतःच्या टेंडर-बोटी वेळ पडली तर जीवरक्षक नौका होतात, हे एका खलाशानं त्याला सांगितलं होतं, आणि तो ते अजून सगळ्यांना सांगतो. त्यामुळे लहान मुलाला टेंडरची फेरी जरूर घडवा, खालच्या बंदरात पाय ठेवा आणि रांग लांब दिसली तर त्याच बोटीनं परत या. वर गावात जायचंच असेल तर घरातल्या एकदोघांनी जावं, मूल आजीजवळ राहू दे.

पुढच्या वर्षासाठी कटाकोलो असलेलाच मार्ग शोधतोय. ऑलिंपियाची सहल जहाजाकडूनच, तीन जणांची. सासूबाई नातवाला घेऊन वर डेकवर थांबणार आहेत, हे त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय. घड्याळ मात्र त्या दिवशी माझ्या हातात देणार आहेत.