गाय ‘मू’, घोडा ‘ने’ : आवाजाच्या बटणांचं इंग्रजी पुस्तक

नातीसाठी ऑनलाइन मागवलं. जाड पुठ्ठ्याची दहा पानं, उजव्या कडेला दहा बटणं, किंमत साडेसहाशे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच घाटाची पुस्तकं बाजारात ढिगाने आहेत आणि दुकानात दाबून पाहिलेल्या इतर पुस्तकांतही थोड्याफार फरकाने हेच होतं.

बटण दाबलं की एक बाई आधी इंग्रजी शब्द म्हणते आणि लगेच त्या प्राण्याचा खरा आवाज येतो. पैसे वसूल होतात ते इथे. मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवलं, तेव्हा ‘मू’, ‘बा’, ‘ऑइंक’ हे आम्ही पाढ्यांसारखं घोकून घेत असू. डुक्कर खरंच ‘ऑइंक’ करतं का, असा प्रश्न वर्गात कुणाला पडत नसे. इथे पोरगी शब्द ऐकते, मग डुक्कर ऐकते आणि माझ्याकडे ‘काय थापा मारताय’ अशा नजरेने बघते.

सगळ्यात झकास जमलंय गाढवाचं पान. ‘ही-हॉ’ हा शब्द मला आधी पोरकट वाटायचा. पण गाढव श्वास आत ओढताना एक आवाज काढतं आणि सोडताना दुसरा. म्हणजे ‘ही’ आत जाताना, ‘हॉ’ बाहेर येताना. रेकॉर्डिंगमध्ये ही धाप स्पष्ट ऐकू येते. नातीने ते तसंच्या तसं उचललंय, आता घरात जेवणाच्या वेळी गाढवच असतं.

घोड्याच्या पानावर मात्र आमचा गोंधळ उडाला. बाई म्हणते ‘ने’. नातीने विचारलं, “कुठे ने?” मी काय सांगणार! या शब्दाच्या जुन्या इंग्रजी रूपात सुरुवातीला ‘ह’ होता, ‘ह्नेगन’ असं काहीसं. त्यात खिंकाळण्याचा थोडा तरी वास होता. शेवटचं ‘जीएच’ आता फक्त स्पेलिंगमध्ये उरलंय, शाळेतल्या पोरांना छळायला.

चित्रकाराने बदकाच्या पानावर डुलकी काढलीय. हिरव्या डोक्याचं, शेपटीजवळ कुरळी पिसं असलेलं मॅलार्ड बदक काढलंय, म्हणजे नर. बटण दाबलं की खणखणीत ‘क्वॅक-क्वॅक’. तो दणका मादीचा असतो, नराचा आवाज घोगरा आणि दबका. घुबडाचंही तेच. चित्रात एकच घुबड आणि आवाज ‘टू-व्हिट टू-व्हू’. हा ब्रिटनमधल्या टॉनी आउलचा. पण त्यातलं ‘टू-व्हिट’ बहुधा मादीचं असतं आणि ‘टू-व्हू’ हे नराचं उत्तर. म्हणजे पानावर दोन घुबडं हवी होती. आमच्या आंब्यावरचा पिंगळा असलं काही बोलत नाही, तो नुसता चिरकतो.

बेडकाच्या पानावर ‘रिबिट’. जगभरच्या मुलांना हा शब्द पाठ आहे, पण नेमकं असं ओरडणारा बेडूक म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा चिमुकला पॅसिफिक ट्री फ्रॉग. हॉलिवूडवाल्यांना तो घराजवळच मिळाला, त्यांनी त्याचा आवाज रेकॉर्ड करून चित्रपटांत कुठल्याही जंगलात वाजवला. या पुस्तकात शब्द ‘रिबिट’ आणि मागचा आवाज भलत्याच जाड्या बेडकाचा. आमच्याकडच्या पहिल्या पावसातल्या डराँव-डराँवच्या तो जास्त जवळचा. मला आवडला, पण कंपनीने जाणूनबुजून केलं असेल असं वाटत नाही.

बांधणी चांगली. नातीने चावून एक कोपरा मऊ केला, तरी पानं सुटली नाहीत. शेळीचं बटण मात्र दोनदा दाबावं लागतं. तीन एलआर ४४ बटण सेल लागतात. त्यांचं झाकण स्क्रूने बंद होतं का, हे विकत घेण्याआधी बघाच. असला सेल घशात अडकला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. नुसत्या खटक्याचं झाकण असेल तर पुस्तक फुकट मिळालं तरी घेऊ नका.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कापला तो आवाज कमी-जास्त करायची सोय नाही म्हणून. फक्त चालू-बंद. दुपारी झोपायच्या वेळी कोंबडा आरवला की अख्खी इमारत जागी होते. मागच्या बारीक भोकांवर चिकटपट्टीचे दोन थर लावा, बराच फरक पडतो.