पीएम स्वनिधी कर्ज : हातगाडीवाल्या बाईचा अनुभव (५ पैकी ४ तारे)

गेली १९ वर्षं मी पुण्यात हातगाडीवर भाजी विकते. पहाटे साडेतीनला उठायचं, पाचच्या आत मार्केट यार्ड गाठायचं. शेजारी गाडी लावणारे अण्णाही त्याच वेळी उठतात, तीच मेथी, तेच टोमॅटो विकतात. त्यांनी स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या, मी अजून भाड्याने राहते. लोक म्हणायचे, हिला पैसा टिकवता येत नाही. ते मनाला फार लागायचं, म्हणून हिशोबच मांडते.

माझ्याकडे भांडवल नव्हतं. रोजाने पैसे देणारा सकाळी नऊशे हातात ठेवायचा आणि संध्याकाळी सातला हजार न्यायचा. महिन्याचे २५ दिवस धरले तरी वर्षाला ३०,००० रुपये नुसतं व्याज! अण्णांचं भांडवल वडिलांपासूनचं. ते टोमॅटोचं अख्खं क्रेट रोखीने उचलायचे. मी पाच-पाच किलो घ्यायचे, किलोमागे दोन-तीन रुपये जास्त मोजून. त्यात सातची धास्ती. सहा वाजले की वीसची जुडी दहाला देऊन टाकायची, कारण हजार जमलेच पाहिजेत. अण्णा उरलेल्या जुड्यांवर ओलं बारदान टाकून निवांत घरी जायचे.

जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी ही योजना आली. तारण नाही, जामीनदार नाही. मला १०,००० मिळाले; बारा हप्ते, हप्ता नऊशेच्या आत. वर्षाचं व्याज साडेसहाशेच्या आसपास, आणि वेळेवर भरलं म्हणून ७ टक्के अनुदान खात्यात परत आलं. अनुदान सोडलं तरी आधी एवढं व्याज माझं आठवड्यात जायचं.

पैसे आले त्या संध्याकाळी तो माणूस सातला गाडीपुढे उभा राहिला. आदल्या दिवसापर्यंतचा हिशोब मिटलेला होता. म्हटलं, दादा, उद्यापासून येऊ नका. चौदा जुड्या उरल्या होत्या. त्यांच्यावर पाणी शिंपडलं, बारदान टाकलं आणि घरी गेले.

एक तारा कापला तो बँकेच्या शाखेसाठी. महापालिकेचं प्रमाणपत्र हातात असून पाच खेपा घालाव्या लागल्या, आणि दर खेपेला सकाळचा धंदा बुडाला. हातावर पोट असणाऱ्याला असं परत पाठवणं बरं नव्हे.

पहिलं फेडल्यावर २०,००० मिळाले, आता ५०,००० चं तिसरं चालू आहे. नव्याने घेणाऱ्यांना २०२५ पासून पहिलं कर्ज १५,००० पर्यंत आणि दुसरं २५,००० पर्यंत मिळतं. फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणात नाव नसेल तरी महापालिकेकडून शिफारसपत्र मागता येतं, हे आमच्या कितीतरी बायकांना ठाऊकच नाही. आधार कार्ड मोबाईल नंबरला जोडलेलं आहे का, ते आधी बघा. माझ्या पाचातल्या दोन खेपा त्यातच गेल्या.