एसव्हीई संच, नऊ महिन्यांनंतर: फ्लोटचा दोष नव्हता

एसव्हीई म्हणजे मातीत मुरलेल्या इंधनाची वाफ ब्लोअरने ओढून काढणारा संच. मातीत जाळीचे पाइप, वर ब्लोअर, मध्ये पाणी अडवायचं पिंप, शेवटी कार्बनची दोन पिंपं. जमिनीखालच्या दोन टाक्या काढल्या, एक पेट्रोलची, एक डिझेलची. खड्ड्यातली वास मारणारी माती उचलून नेली, पण भिंतीच्या पायाखाली खोदता येईना, म्हणून हा संच घेतला. चौथ्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर एवढंच लिहिलं असतं: घेऊ नका.

कारण ते पाण्याचं पिंप. हवेबरोबर ओढलं गेलेलं पाणी त्यात साठतं, ठरावीक पातळीला फ्लोट उचलला जातो आणि ब्लोअर बंद होतो. तो बंद व्हायलाच हवा, नाहीतर पाणी ब्लोअरमध्ये जाईल. पण माझ्याकडे हे रोज रात्री व्हायचं. झोपण्याआधी चालू करावा आणि सकाळी येऊन पाहावं तर लाल दिवा. तासांच्या मीटरवर रात्रभरात जेमतेम तीन तास वाढलेले. शिवाय पिंपातल्या पाण्यावर पेट्रोलचा रंगीत तवंग, म्हणजे ते गटारात सोडायची सोय नाही. वेगळ्या टाकीत भरायचं, कार्बनमधून गाळायचं, मग पुढे. रोज.

विक्रेत्याचा माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा फ्लोट बदलून बिल लावून गेला. तिसऱ्या वेळी म्हणाला, मोठं पिंप बसवा. मी फार चिडलो. पिंप मोठं केलं तर ते उशिरा भरेल, पाणी थोडंच कमी येणार आहे? त्याला परत पाठवलं आणि हे पाणी येतंय कुठून ते स्वतः मोजायचं ठरवलं.

बोअरच्या, म्हणजे मातीतल्या जाळीच्या पाइपच्या, टोपणाला भोक पाडून घट्ट रबरी बूच बसवलं आणि त्यातून पाणीपातळी मोजायची टेप खाली सोडली. ब्लोअर बंद असताना ४.२ मीटरवर बीप वाजली. ब्लोअर चालू करून पाच मिनिटं थांबलो, पुन्हा टेप सोडली: ३.२ मीटर. व्हॅक्यूमच्या गेजवर बरोबर १०० सेंटिमीटर पाणी. बोअरमध्ये जितका व्हॅक्यूम, तितकं भूजल वर चढतं, सेंटिमीटरला सेंटिमीटर. बाहेरची हवा आत घ्यायचा व्हॉल्व्ह मीच पहिल्या दिवसापासून पक्का बंद ठेवला होता. वीज जळतेच आहे तर सगळा जोर मातीलाच मिळू दे, हा हिशेब.

त्या हिशेबाने पिंप भरलं, आणि त्याहून मोठं नुकसानही झालं. पेट्रोल पाण्याहून हलकं, ते पाण्यावर तरंगतं. भूजल वर्षभर खालीवर होतं आणि त्या पट्ट्यातल्या मातीला पेट्रोल लेपून जातं. माझ्याकडे सगळ्यात घाण पट्टा हाच, साधारण साडेतीन ते साडेचार मीटर. व्हॅक्यूम वाढवून मी नेमका तोच पाण्याखाली बुडवत होतो. ओल्या मातीतून हवा वाहत नाही, हवा वाहिली नाही तर पेट्रोल निघत नाही. चार महिने मी मुख्यतः वरची कोरडी माती वारा घालून वाळवली.

व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत व्हॅक्यूम ५० सेंटिमीटरवर आणला. पिंप रिकामं करायला आता पाच-सहा दिवसांनी जावं लागतं. आणि बोअरच्या तोंडाशी घेतलेलं पीआयडीचं (हवेतली इंधनाची वाफ मोजायच्या यंत्राचं) रीडिंग, जे ४० पीपीएमवर अडून बसलं होतं, ते आठवड्याभरात १५० वर गेलं. कमी जोरात जास्त माल. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला. मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही, उलट ‘पूर्ण क्षमतेने चालवा’ असं छापलंय, आणि हा राग अजून गेलेला नाही.

कार्बनही यातच वाया गेला. हवेत दमटपणा फार असला की कार्बनची पेट्रोल धरायची ताकद घटते. पहिलं पिंप मी अपेक्षेच्या निम्म्या वेळात बदललं. दोन पिंपांच्या मधल्या नळीवर रीडिंग घेत चला. तिथे वास यायला लागला की पहिलं काढा, दुसरं त्याच्या जागी आणा, नवं शेवटी लावा. त्याआधी बदलू नका, पैसे जातात.

डिझेलच्या खड्ड्यासाठी एवढा मोठा संच नको, हे मत बदललेलं नाही. डिझेल सहज उडत नाही, त्यामुळे तिथे ब्लोअर ओढून काढतो ते नगण्य. तिथला फायदा वेगळा: मातीतल्या जिवाणूंना हवा मिळते. बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, त्या मातीत तो ५ टक्के भरला होता, म्हणजे जिवाणू खात होते आणि गुदमरत होते. एक किलो इंधन पचवायला त्यांना तीन किलोच्या वर प्राणवायू लागतो. त्यासाठी हळू हवा पुरते, एवढा मोठा ब्लोअर नको. फक्त डिझेल असेल तर हा संच घेऊ नका.

पाणीही साफ होतं, या विक्रेत्याच्या बोलण्यावर मात्र जाऊ नका. हा संच पाण्यावरची माती साफ करतो, पाणी नाही. भूजलाच्या ४० मिलीच्या बाटल्या बुडबुडा राहू न देता भरून, बर्फात ठेवून तपासणीला पाठवल्या. पेट्रोलमधलं बेंझीन प्रति लिटर ६० मायक्रोग्रॅम निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा १० आहे. पाणी साफ करायला पाण्याच्या पातळीखाली हवा सोडावी लागेल, आणि ती हवा वर येताना पकडायला हाच ब्लोअर लागेल. म्हणून संच विकून टाकत नाही.

गेल्या महिन्यात ब्लोअर तीन आठवडे मुद्दाम बंद ठेवला. रीडिंग ३० वर आलं होतं, चालू करताच ११० दाखवलं. मातीच्या बारीक कणांत अडकलेलं पेट्रोल हळूहळू बाहेर येतं, त्याला वेळ द्यावा लागतो. तेव्हापासून एक आठवडा चालू, दोन आठवडे बंद असं चाललंय, वीजही वाचतेय. पाण्याचा पुढचा नमुना ब्लोअर सहा आठवडे बंद ठेवून घेणार. बदललेले दोन्ही फ्लोट धुऊन तपासले, दोन्ही नीट चालतात. बिलाचे पैसे मागणारं पत्र परवा पाठवलंय.