‘बिफोर-आफ्टर’ला भुलून 40,000 रुपये गेले

भोर तालुक्यातल्या भातलावणीवर मी 22 मिनिटांचा माहितीपट केला. शूटिंग सोनीच्या कॅमेऱ्यावर, एस-लॉग3 मध्ये, म्हणजे नंतर रंग नीट बसवता यावेत म्हणून मुद्दाम फिकं चित्र टिपणाऱ्या ‘लॉग’ पद्धतीत. पाऊस फार झाला की फोनवर. कलर ग्रेडिंगसाठी, म्हणजे शॉट्सचे रंग आणि उजेड जुळवण्यासाठी, एका कलरिस्टचे नमुने ऑनलाइन पाहिले. डावीकडे राखाडी, मरगळलेलं चित्र, उजवीकडे तेच रसरशीत. शॉट-शॉट बसून करतो म्हणाला आणि मी सगळे 40,000 आगाऊ दिले.

आठ दिवसांनी फाइल आली. ढग आले-गेले तसा खाचरांचा हिरवा रंग दर शॉटला बदलत होता. फोनच्या शॉटमध्ये तर रोपं उपटणाऱ्या आजींचा अर्धा चेहरा काळाठिक्कर, मागचं आभाळ पांढरंफटक. विचारलं तर म्हणे, “दादा, हा सिनेमॅटिक लूक आहे.” कुठल्या शॉटवर काय केलं ते दाखवणारी प्रोजेक्ट फाइल द्यायला नकार.

माझ्या एका एडिटर मैत्रिणीने दाविंची रिझॉल्व्ह हे ग्रेडिंगचं सॉफ्टवेअर उघडलं. मूळ शॉट्सवर सोनीचा फुकट मिळणारा लट, म्हणजे रंग बदलण्याचं तयार कोष्टक, टाकला. वर त्या कलरिस्टने दिलेली तयार फाइल ठेवून मोड ‘डिफरन्स’ केला. दोन चित्रं जिथे सारखी, तिथे या मोडमध्ये काळं दिसतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पडदा जवळपास काळाच राहिला. फोनच्या शॉट्सवरही. त्या माणसाने एकच लट सगळ्या टाइमलाइनवर ओढला होता! फोनचं चित्र लॉग नव्हतंच, म्हणून तिथे सावल्या बुडाल्या आणि आभाळ जळलं.

त्याच्या नमुन्यांची जादूही हीच. लॉग चित्र मुळातच फिकं असतं. एस-लॉग3 मध्ये नीट एक्स्पोज केलेला पांढरा कागद वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेड दाखवणाऱ्या आलेखावर, 61 टक्क्यांच्या आसपास बसतो. ते रेक. 709 मध्ये, म्हणजे नेहमीच्या पडद्यांच्या रंगप्रमाणात, आणलं की कुणाचंही चित्र उजळतं, एका क्लिकमध्ये. म्हणून ‘बिफोर’ मागताना रूपांतर झालेलं चित्र मागा, मग माणसाचं खरं काम दिसेल. चाचणीचे शॉट त्याला निवडू देऊ नका. प्रोजेक्ट फाइल मिळणार हे आधी लिहून घ्या. आणि सगळे पैसे आगाऊ? अजिबात नको.

दुसऱ्या कलरिस्टला मी तीनच शॉट दिले, त्यात आजींचा फोनवरचा. मूळ फाइल जपून ठेवली होती म्हणून निभावलं. त्या एका चेहऱ्यावर तो पाऊण तास बसला. पैसे त्यानंतर ठरले, अर्धे आधी, अर्धे काम पाहून.