परकर: नाडीचा, रुंद पट्ट्याचा की शेपवेअर?

परकर घेताना रंग आणि घेर सगळ्याच बघतात, नेफ्यात काय ओवलंय ते कोणी बघत नाही. कमरेच्या कातडीला मात्र त्याच्याशीच मतलब. धोतराच्या गाठीच्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाबद्दल मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच लिहिलं होतं. २०२४ मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी छापलेली अशाच कर्करोगाची केस नऊवारीखाली परकर आवळून बांधणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईंची होती. कुशीतली जखम दीड वर्ष भरत नव्हती. असे रुग्ण विरळाच, पण कमरेवरचा काळा पट्टा घरोघरी दिसतो.

नेहमीचा सुती परकर: कापड उत्तम, नाडी टाकाऊ. दोरीसारखी नाडी घामाने भिजून आवळते आणि गाठ रोज त्याच कुशीवर येते. कातडी आधी काळी, जाड होते, मग खाज, कोंडा, कधी पांढरे डाग. खाजवून चीर पडली की तिच्यावर पुन्हा नाडी! ती काढून दीड इंची चपटी सुती पट्टी ओवा. नेफाही तेवढा रुंद करून घ्या, नाहीतर पट्टी आत गुंडाळून तिची दोरीच होते.

रुंद पट्टा आणि हूकचा परकर: आमची पहिली पसंती. हुकांच्या दोन ओळी हव्यात, जेवणानंतर सैल करता येतो. जड काठाच्या साडीला मात्र तो खाली घसरतो.

शेपवेअर (अंगाला घट्ट बसणारा, ताणला जाणारा परकर): दाब नितंबांवर पसरतो, पण नायलॉनमध्ये घाम मुरतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत जांघेत नायटा होण्याची भीती. एक साइज लहान घेतलात तर वरची कड गुंडाळून नाडीसारखीच रुतते. समारंभापुरता ठीक.

परकराशिवाय लुगडं नेसणाऱ्यांना यातलं काहीच कामाचं नाही, गाठ थेट कातडीवर बसते. त्यांनी आत सैल परकर घालावा आणि गाठीची जागा बदलत राहावी.

परकर कुठलाही असो, पोट आत ओढून बांधू नका. बसल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. रात्रीचा वळ सकाळीही दिसला तर फार आवळताय.

नाडी सैल करूनही तीन-चार आठवड्यांत जखम भरली नाही, कड उचललेली किंवा टणक लागली, रक्त वा वास येऊ लागला, तर मलमं बदलत बसू नका. बायोप्सी (जखमेचा तुकडा काढून तपासणी) करा, आणि तुकडा कडेचा घ्यायला सांगा. मधल्या भागात बहुतेक मेलेलं मांस असतं, त्यातून रोग निसटू शकतो. जांघेत गाठी आहेत का, तेही त्याच वेळी तपासून घ्या.